एक तार, दोन संदेश : ऑलिव्हर हेविसाइड यांचे चरित्र

विजेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या थोर पुरुषांपैकी फॅरडे, मॅक्सवेल, एडिसन आणि मार्कोनी ही नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात. ऑलिव्हर हेविसाइड हे नाव मात्र त्यांना बहुधा एकाच ठिकाणी भेटते. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून फार उंचावर, नभोवाणीच्या लहरींना परत पृथ्वीकडे वळविणारा विद्युद्भारित हवेचा एक थर आहे; त्याला हेविसाइड यांचे नाव देण्यात आले आणि त्या नावाने ते जगाला ठाऊक झाले. परंतु या थराहूनही आपल्या नित्याच्या व्यवहाराला अधिक जवळचे असे कार्य त्यांच्या हातून झाले आहे. एकाच मार्गाने दोन्ही बाजूंनी एकाच वेळी संदेश कसे जावेत, आणि जाताना वाटेत त्यांचा क्षय कसा कमी व्हावा, या दोन प्रश्नांना त्यांनी आपल्या तारुण्यातील सर्वोत्तम वर्षे वाहिली. आज प्रत्येकाच्या खिशात असलेल्या भ्रमणध्वनीत हेच दोन प्रश्न जिवंत आहेत. म्हणून या विलक्षण पुरुषाचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ऑलिव्हरचा जन्म 18 मे 1850 रोजी लंडनमधील कॅम्डेन टाउन या भागात झाला. वडील टॉमस हेविसाइड हे लाकडावर चित्रे कोरण्याचा व्यवसाय करीत. घरात चार मुलगे, आणि त्यांत ऑलिव्हर सर्वांत धाकटा. मिळकत बेताची असल्याने आई घरीच मुलींची एक लहानशी शाळा चालवीत असे. बालपणी ऑलिव्हरला लोहितांग ज्वराने गाठले. जीव वाचला, पण श्रवणशक्ती मंदावली. बरोबरीच्या मुलांचे बोलणे नीट ऐकू येत नसल्यामुळे तो त्यांच्यात मिसळेनासा झाला आणि एकटेपणाची जी सवय त्याला तेव्हा जडली ती जन्मभर टिकली. शाळेत तो हुशार होता. 1865 सालच्या एका मोठ्या परीक्षेत पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांत त्याचा पाचवा क्रमांक आला. मात्र युक्लिडच्या भूमितीत त्याला फारच थोडे गुण मिळाले. सिद्धता पाठ करण्याचा त्याला मनस्वी कंटाळा होता. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याचे शालेय शिक्षण संपले. यापुढे जे काही शिकावयाचे ते त्याने स्वतःच्या बळावर शिकले. कोणत्याही विश्वविद्यालयाच्या वर्गात तो कधी बसला नाही.

या कुटुंबाचे भाग्य एका बाबतीत मात्र थोर होते. ऑलिव्हरच्या मावशीचे यजमान म्हणजे इंग्लंडमध्ये तारायंत्र प्रचारात आणणारे सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन. त्यांच्या प्रोत्साहनाने थोरला भाऊ आर्थर न्यूकॅसल येथे तारखात्याच्या कामास लागला आणि ऑलिव्हरही त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून गेला. पुढे 1868 साली इंग्लंड आणि डेन्मार्क यांना जोडणारी समुद्री तार टाकण्यात आली, तेव्हा अठरा वर्षांचा हा तरुण डेन्मार्कमधील फ्रेडरिसिया या गावी तारमास्तर म्हणून रुजू झाला. काही काळाने तो न्यूकॅसलच्या कचेरीत परत आला.

ठरलेल्या वेळी यंत्रासमोर बसावे आणि टिंबे व रेघा पाठवाव्यात, एवढ्यावर समाधान मानणारा हा तारमास्तर नव्हता. एकाच समुद्री तारेतून इंग्लंडहून डेन्मार्ककडे संदेश पाठविला तर त्याची गती एक, आणि उलट बाजूने पाठविला तर दुसरी, असे अनुभवास येत असे. इतर कर्मचारी हे एक नित्याचे आश्चर्य म्हणून सोडून देत. हेविसाइड मात्र त्याचे कारण शोधीत बसले. समुद्री तारेच्या दोन टोकांना जोडलेल्या जमिनीवरील तारांचा रोध सारखा नसतो, त्यामुळे हा भेद उत्पन्न होतो, हे त्यांनी पुढे 1877 साली गणिताने दाखवून दिले. साध्या अनुभवामागचे कारण गणिताने हुडकणे ही त्यांची रीत अशी पहिल्यापासूनची होती.

त्या काळी तारखात्यात एका नव्या प्रश्नाची चर्चा होती. तार टाकण्यास अपार खर्च येई, आणि तारेवरून एका वेळी एकाच बाजूने संदेश जाऊ शके. दोन्ही टोकांकडून एकदम संदेश पाठविता आले तर जणू एका तारेच्या खर्चात दोन तारांचे काम होईल. ही कल्पना ऑस्ट्रियातील गिंटल यांनी 1853 साली प्रथम अमलात आणण्याचा यत्न केला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञांनी तिच्यात सुधारणा केली. यातील खरी अडचण अशी, की पाठविणाऱ्याचे यंत्र आणि घेणाऱ्याचे यंत्र एकाच तारेला जोडलेले असते. आपणच पाठविलेला जोरकस प्रवाह आपल्याच ग्राहक यंत्रातून गेला, तर दुरून क्षीण होऊन आलेला संदेश त्या गलबल्यात बुडून जावयाचा. जो मोठ्याने ओरडत आहे त्यालाच त्याच क्षणी दूरची कुजबुज ऐकावयाची आहे, असा हा पेच होता.

त्यावरील उपाय मोठा चतुराईचा आहे. ग्राहक यंत्राच्या विद्युच्चुंबकावर दोन वेटोळी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने गुंडाळतात. जाणारा प्रवाह मध्यभागी दुभंगतो. त्याचा अर्धा भाग एका वेटोळ्यातून खऱ्या तारेवर जातो आणि उरलेला अर्धा दुसऱ्या वेटोळ्यातून एका खोट्या तारेत शिरतो. ही खोटी तार म्हणजे कचेरीतच ठेवलेली, रोधाची व धारकतेची अशी जुळणी, की तिचे वर्तन हुबेहूब बाहेरच्या खऱ्या तारेसारखे असावे. दोन्ही भाग समसमान असले म्हणजे दोन वेटोळ्यांचा परिणाम परस्परांना खोडून काढतो आणि आपल्याच प्रवाहाने आपले यंत्र हलत नाही. दुरून येणारा प्रवाह मात्र दोन्ही वेटोळ्यांना सारखा भिडत नाही. त्यामुळे तोल ढळतो आणि यंत्र बोलू लागते. बोस्टन येथील स्टर्न्स यांनी खोट्या तारेत कंडेन्सरचा उपयोग केला, आणि 1870 नंतरच्या काही वर्षांत ही युक्ती खऱ्या अर्थाने व्यवहारात आली.

पण खोटी तार एकदा जुळवून ठेवली म्हणजे काम संपले असे नव्हते. पावसात खांबांवरील चिनी मातीच्या टोप्या भिजत, तारेतील वीज जमिनीत झिरपू लागे आणि खऱ्या तारेचे गुण बदलत. मग तारमास्तराला खोट्या तारेचीही जुळणी पुन्हा बदलावी लागे. परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलून घेणारे संतुलन हेच या सर्व युक्तीचे मर्म होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

हेविसाइड यांनी 1873 सालच्या आरंभी एका मान्यवर शास्त्रीय मासिकात एक लेख प्रसिद्ध केला. क्रिस्टी यांनी शोधून काढलेली आणि व्हीटस्टन यांनी लोकप्रिय केलेली रोध मोजण्याची जी सेतुरचना आहे, तिच्यातील रोध कसे निवडले असता मापन अत्यंत सूक्ष्म होते, हे त्यांनी त्यात सांगितले होते. विल्यम टॉमसन आणि मॅक्सवेल यांच्यासारख्या धुरंधरांचे लक्ष या लेखाने वेधले. लेखक तेवीस वर्षांचाही झालेला नव्हता. त्याच वर्षी एका तारेवरील दुहेरी संदेशवहनावर त्यांनी दुसरा लेख लिहिला. भाऊ आर्थरच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांचा त्याला आधार होता. दुहेरीच काय, त्याहून अधिक संदेशही एकाच तारेवरून एकाच वेळी पाठविणे तत्त्वतः शक्य आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. अमेरिकेत एडिसन यांनी 1874 साली चार संदेशांची रचना सिद्ध केली, तेव्हा हे प्रतिपादन किती यथार्थ होते ते दिसून आले.

या लेखाने मान मिळाला तसा रोषही मिळाला. ब्रिटिश टपालखात्याचे मुख्य अभियंते कली यांनी दुहेरी पद्धत व्यवहारात निरुपयोगी ठरविली होती, आणि तरुण हेविसाइड यांनी त्या मताचा उपहास करण्यास मागेपुढे पाहिले नाही. एका तारमास्तराने मुख्य अभियंत्यांची चूक दाखवावी हे खात्यातील वरिष्ठांना रुचले नाही. तार अभियंत्यांच्या संस्थेने त्यांचा सभासदत्वाचा अर्ज प्रथम फेटाळला; टॉमसन यांनी शिफारस केली तेव्हाच त्यांना प्रवेश मिळाला. वरिष्ठांशी गोडीने वागण्याची कला हेविसाइड यांना कधीच साधली नाही. त्यांच्या लेखणीला उपरोधाची धार होती आणि ती धार त्यांना जन्मभर महाग पडली. त्यांच्या चरित्राचा गौरव करताना हा दोष झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

सन 1874 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि ते लंडनला आईवडिलांच्या घरी परतले. यानंतर त्यांनी पुन्हा कधीही नोकरी केली नाही. मॅक्सवेल यांचा विद्युत् आणि चुंबकत्व यांवरील महाग्रंथ 1873 साली प्रसिद्ध झाला होता. तो चाळताच हेविसाइड यांना एक नवे विश्व उघडल्यासारखे झाले. तो समजण्यास लागणारे गणितही त्या वेळी त्यांना पुरते अवगत नव्हते. वर्षानुवर्षे घरातील एका खोलीत बसून त्यांनी तो ग्रंथ आत्मसात केला. पुढे 1885 च्या सुमारास त्यांनी मॅक्सवेल यांच्या विस्तृत गणिताला सदिशांच्या भाषेत असे आटोपशीर रूप दिले, की आज जगातील विद्यार्थी मॅक्सवेल यांची म्हणून जी चार समीकरणे शिकतात ती बहुतांशी हेविसाइड यांच्या मांडणीतील असतात. इंडक्टन्स, इंपीडन्स यांसारखे शब्द आज प्रत्येक विद्युत् अभियंत्याच्या जिभेवर आहेत. तेही याच एकांतवासातून निघाले.

आता आपण त्यांच्या जीवितकार्याच्या गाभ्याकडे येऊ. तारेवरील संदेश दूर जाता जाता दोन प्रकारे खराब होतो. एक तर तो क्षीण होत जातो, आणि दुसरे म्हणजे त्याचा आकार बिघडतो. सन 1858 मध्ये अटलांटिक महासागरातून पहिली तार गेली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पार करण्यास सुमारे सोळा तास लागले. प्रत्येक टिंब वाटेत पसरट होई आणि पुढच्या टिंबात मिसळून जाई. टॉमसन यांनी त्यापूर्वीच याचे गणित मांडले होते. तारेचा रोध आणि तिची धारकता या दोन गुणांमुळे हे घडते, आणि लोखंडी सळईच्या एका टोकाला दिलेली उष्णता जशी दुसऱ्या टोकाकडे मंदपणे पसरते तशी वीज तारेतून पसरते, असा त्यांचा सिद्धान्त होता. मंद गतीच्या समुद्री तारांना तो उत्तम लागू पडे.

दूरध्वनी आला आणि हा सिद्धान्त अपुरा पडू लागला. मनुष्याच्या आवाजात दर सेकंदास शेकडो, सहस्रावधी कंपने असतात. इतक्या वेगाने बदलणाऱ्या प्रवाहात तारेचा तिसरा गुण जागा होतो. प्रवाह वाढू लागला तर त्याला अडवावयाचे आणि थांबू लागला तर त्याला पुढे ढकलावयाचे, असा हा गुण. त्याला प्रवर्तकत्व म्हणतात. पदार्थाच्या अंगी जसे जडत्व असते तसे हे विजेचे जडत्वच होय. चौथा गुण म्हणजे तारेवरून आवरणावाटे होणारी विजेची गळती. रोध, धारकता, प्रवर्तकत्व आणि गळती या चारही गुणांना सामावून घेणारे तारेचे समीकरण हेविसाइड यांनी सिद्ध केले. त्यातून दिसले, की तारेतील संदेश उष्णतेसारखा नुसता पसरत नाही. तो लाटेसारखा धावतो. त्या लाटेचे वहन तारेभोवतीच्या क्षेत्रातून होते आणि तार तिला दिशा दाखविते.

मग 1887 साली त्यांना एक अत्यंत सुंदर नियम सापडला. रोधाचे प्रवर्तकत्वाशी जे प्रमाण असेल तेच प्रमाण गळतीचे धारकतेशी असेल, तर त्या तारेवरून जाणारा संदेश क्षीण झाला तरी त्याचा आकार यत्किंचितही बिघडणार नाही. उंच स्वर आणि खोल स्वर सारख्याच वेगाने जातील आणि सारख्याच प्रमाणात मंद होतील. पलीकडच्या माणसाला आवाज हळू ऐकू येईल, पण तो त्याच माणसाचा आवाज असेल.

प्रत्यक्षात चांगल्या तारेची गळती फारच थोडी असते, त्यामुळे हा तोल सहसा साधत नाही. तो साधण्याचे दोन मार्ग आहेत. गळती वाढवावी, तर आकार सुधारेल, पण संदेशाची शक्ती वाया जाईल. त्याऐवजी प्रवर्तकत्व वाढवावे, म्हणजे आकारही सुधारेल आणि क्षयही कमी होईल. क्षय कमी का व्हावा, हे विद्यार्थ्यांना एका उदाहरणाने पटेल. वीजघरातून दूरच्या गावी वीज नेताना दाब उंच ठेवतात आणि प्रवाह कमी ठेवतात, कारण तारेच्या रोधात उष्णतेच्या रूपाने जी शक्ती वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवर्तकत्व वाढविलेल्या तारेतही तेच घडते. तीच शक्ती अधिक दाबाने आणि कमी प्रवाहाने वाहते, आणि वाटेतील नासाडी आटोक्यात येते. यासाठी तारेत ठराविक अंतरांवर तांब्याची वेटोळी बसवावीत, अशी सूचना हेविसाइड यांनी केली.

ही सूचना तेव्हाच्या तज्ज्ञांना उलटीच वाटली. ब्रिटिश टपालखात्याचे प्रमुख विद्युत्तज्ज्ञ विल्यम प्रीस हे अनुभवी, वजनदार आणि लोकप्रिय गृहस्थ होते. गणितापेक्षा व्यवहारज्ञानावर त्यांची भिस्त अधिक असे. प्रवर्तकत्व हा दूरध्वनीचा शत्रू आहे आणि ते जितके काढून टाकता येईल तितके चांगले, असे त्यांचे ठाम मत होते. आणि येथे एक अप्रसिद्ध, बेकार, बहिरट गणिती सांगत होता की तो शत्रू नसून खरा मित्र आहे! आर्थर टपालखात्यात नोकरीस होता. दोघा बंधूंनी मिळून 1887 साली दूरध्वनीवर एक निबंध सिद्ध केला आणि त्याच्या पुरवण्यांत ऑलिव्हर यांनी आपला सिद्धान्त घातला. प्रीस यांच्या विरोधामुळे तो निबंध प्रसिद्धच होऊ शकला नाही. इलेक्ट्रिशियन या साप्ताहिकात हेविसाइड 1882 पासून लेखमाला लिहीत होते आणि तिच्यापासून वर्षाकाठी सुमारे चाळीस पौंड मिळत. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तेथील संपादक बदलले आणि लेखमालाही बंद पडली. सत्य हाती आले त्याच वर्षी ते सांगण्याची दारे एकामागून एक मिटत गेली.

हेविसाइड खचले नाहीत, आणि काळही त्यांच्या बाजूने वळला. जर्मनीत हर्ट्झ यांनी 1888 साली विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या. मॅक्सवेल यांचा सिद्धान्त विजयी झाला आणि त्याचा एकांतातील भाष्यकार एकाएकी विद्वानांच्या नजरेत भरला. विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणून 1889 च्या जानेवारीत भाषण करताना खुद्द टॉमसन यांनी हेविसाइड यांच्या कार्याचा गौरव केला. ज्यांचा सिद्धान्त अपुरा असल्याचे हेविसाइड यांनी दाखविले होते, त्याच थोर पुरुषाने त्यांचा हा सत्कार करावा, यात दोघांचेही मोठेपण आहे. सन 1891 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले.

तारेत वेटोळी बसविण्याची कल्पना मात्र इंग्लंडात तशीच पडून राहिली आणि तिला फळ आले ते अमेरिकेत. तेथील दूरध्वनी कंपनीतील जॉर्ज कॅम्बेल आणि कोलंबिया विश्वविद्यालयातील प्राध्यापक मायकेल प्युपिन या दोघांनी वेटोळ्यांमधील अंतर किती असावे याचे गणित स्वतंत्रपणे सोडविले. एकस्वाचा हक्क 1900 साली प्युपिन यांना मिळाला आणि त्यापायी कंपनीने त्यांना कालांतराने चार लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम दिली. या वेटोळ्यांच्या आधारे 1911 साली न्यूयॉर्क आणि डेन्व्हर यांच्या दरम्यान, कोणत्याही प्रवर्धकाशिवाय, दूरध्वनीवर बोलणे शक्य झाले. मूळ तत्त्व सांगणाऱ्या हेविसाइड यांनी एकस्व घेतले नव्हते. त्यांच्या पदरी यातील एक कवडीही पडली नाही.

त्या वेळी त्यांची सांपत्तिक स्थिती कशी होती? सन 1889 पासून ते आईवडिलांसह डेव्हन परगण्यातील पेंटन या गावी राहत होते. आई 1894 साली वारली आणि वडील 1896 साली. काही मित्रांनी शास्त्रज्ञांच्या साहाय्यनिधीतून त्यांना मदत देऊ केली, तेव्हा ती भिक्षा आहे असे समजून त्यांनी ती नाकारली. शेवटी 1896 साली, त्यांच्या कार्याचा सन्मान या नात्याने, सरकारकडून 120 पौंडांचे वार्षिक निवृत्तिवेतन मिळाले आणि ते त्यांनी स्वीकारले. मदत आणि सन्मान यांतील भेद हा दरिद्री मनुष्य कसोशीने पाळीत असे.

मार्कोनी यांनी 1901 च्या डिसेंबरात अटलांटिकपार बिनतारी संकेत पाठविला. प्रकाशाप्रमाणे सरळ जाणाऱ्या लहरी पृथ्वीच्या गोलाईवरून पलीकडे कशा पोहोचल्या, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. वातावरणाच्या उंच भागात वीज वाहून नेणारा एक थर असला तर लहरी तो थर आणि समुद्र यांच्या दरम्यान, जणू दोन तारांच्या आधाराने, वाट काढतील, असे हेविसाइड यांनी 1902 साली ब्रिटानिका विश्वकोशातील आपल्या लेखात सुचविले. त्याच वर्षी अमेरिकेत केनेली यांनीही असेच अनुमान केले. ॲपलटन यांनी 1924 च्या डिसेंबरात प्रयोग करून त्या थराचे अस्तित्व सिद्ध केले. टॉर्की येथे वृद्ध हेविसाइड तेव्हा शेवटचे दिवस कंठीत होते. विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेचे पहिले फॅरडे पदक 1922 साली त्यांना मिळाले होते. शिडीवरून पडल्याचे निमित्त झाले आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी त्यांनी देह ठेवला. पेंटन येथे आईवडिलांशेजारी त्यांचे दफन झाले.

हेविसाइड गेले, त्यांचे तारायंत्रही आता गेले. भारतात तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना पुण्यामुंबईच्या आप्तांशी ट्रंक कॉलवर ओरडून बोललेले दिवस आठवत असतील, तेही सरले. पण मूळचा पेच सरलेला नाही. भ्रमणध्वनीत बहुधा एकाच अँटेनावरून एकाच वेळी बोलावयाचे आणि ऐकावयाचे असते. आपण पाठवितो ती शक्ती सामान्यतः फार तर पंचमांश वॉट. पण दूरच्या मनोऱ्याकडून येणारी शक्ती कित्येकदा तिच्या एक लक्ष कोटीव्या भागाहूनही कमी असते. ओरडणाऱ्याने कुजबुज ऐकण्याचा तोच पेच येथे कल्पनातीत बिकट झाला आहे. जाणारी आणि येणारी लहर वेगळी राखणाऱ्या या भागाला डुप्लेक्सर म्हणतात.

सामान्यतः जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्या निरनिराळ्या ठेवतात आणि प्रत्येकीसाठी सूक्ष्म स्फटिकाची एक चाळणी बसवितात. पण अशी चाळणी एकाच पट्ट्याच्या कामाची असते. निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या सेवांसाठी कंपनसंख्यांचे पट्टे इतके झाले आहेत, की प्रत्येकासाठी वेगळी चाळणी आणि त्यांतून निवड करणारी बटणे बसवावी लागतात. आणि दर टप्प्यावर लहरीचा काही अंश वाया जातो. म्हणून पट्टा बदलताच स्वतःची जुळणी बदलणारा एकच डुप्लेक्सर करण्याचे यत्न संशोधक करीत आले आहेत. त्यांपैकी एका प्रकाराची रचना पाहिली तर जुना तारमास्तर ती तत्काळ ओळखील! दुभंगलेल्या वेटोळ्यांचा एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या एका बाजूस अँटेना आणि दुसऱ्या बाजूस तिची नक्कल करणारी एक जुळणी असते. फोन हातात धरला किंवा कानाशी नेला की अँटेनाचे गुण बदलतात, जसे पावसात तारेचे बदलत. आणि नकलेलाही तत्क्षणी बदलावे लागते. तारमास्तराच्या हाताचे काम आता लहान लहान विद्युत्-बटणे आणि कंडेन्सर करतात.

या रचनेचा मोठा दोष क्षय हाच आहे. दोन्ही बाजू समान असल्या तर जाणाऱ्या शक्तीपैकी अर्धी नकलेतच खर्च होते आणि येणाऱ्या लहरीचाही अर्धाच भाग ग्राहकाला पोहोचतो. जाताना झालेला क्षय बॅटरी लवकर संपवितो. येताना झालेला क्षय त्याहून घातक असतो, कारण आधीच क्षीण असलेली लहर आणखी क्षीण होऊन यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडते, आणि मग ती कितीही वाढविली तरी खरखरही तिच्याबरोबरच वाढते. यावर अभियंते वेटोळी विषम विभागतात, म्हणजे जाणाऱ्या बाजूचा क्षय घटतो. पण तितका येणाऱ्या बाजूस तो वाढतो. कोठे किती सोसावयाचे हे गणिताने ठरवावे लागते. त्याखेरीज वेटोळ्यांचा धातू जाड ठेवणे, बटणांचा रोध कमी करणे, आधाराचा पदार्थ उत्तम रोधक निवडणे, अशा उपायांनी उरलेला क्षय थोडा थोडा कमी करतात. संतुलन साधणे आणि त्या संतुलनाची किंमत कमीत कमी ठेवणे, हेच त्यांचे ध्येय. 1873 आणि 1887 साली हेविसाइड यांच्यापुढे असलेले ध्येयही हेच होते.

या चरित्रातून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? विद्वत्तेसाठी पदवी लागतेच असे नाही, हे तर ते शिकतीलच. पण आम्हांला दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. प्रवर्तकत्वाला सर्वांनी शत्रू ठरविले असता हेविसाइड यांनी त्याचे काम शांतपणे मोजले आणि योग्य प्रमाणात ते मित्र ठरते हे दाखविले. त्यांचे म्हणणे गणितावर उभे होते, म्हणून वरिष्ठांच्या विरोधाने ते पडले नाही आणि स्वतःच्या तापट लेखणीनेही ते बुडाले नाही. विद्यार्थ्यांनी आपले म्हणणे असेच मोजून सिद्ध करावे, आणि ते मांडताना वाणीत मात्र थोडे मार्दव ठेवावे. हेविसाइड यांना ते मार्दव साधले असते, तर इंग्लंडला त्या तांब्याच्या वेटोळ्यांचा लाभ कदाचित कितीतरी आधी झाला असता.